साबणाच्या डबीचं मॅगझीन

पर्वत पाटिया, सुरत
१२ फेब्रुवारी १९९७

आनंदाभाऊजींना सुषमावहिनीचा नमस्कार.

छायाबाई कशा आहेत? परभणीकडे थंडी सरली का? तुमचा पाय अजून ठणकतो का? इतक्या वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नका. आम्ही सगळे बरे आहोत. मी घरीच साड्यांना टिकल्या चिकटवते. लेक वर्षा चलथाणला सासरी सुखात आहे.

ह्यांनी पलसाण्याच्या मिलमधली चौकीदारी सोडली. म्हणजे सुटली. काठी मात्र घरी घेऊन आले आणि आता तीच त्यांची रायफल झाली आहे. फौजेत तुम्हा दोघांकडे होती ना, आपोआप पुढची गोळी घेणारी, ती. फौजेतूनही ती आता चालली म्हणतात. माझ्या घरी मात्र मुक्कामाला आली.

साबणाची डबी म्हणजे तिचं गोळ्या भरायचं मॅगझीन. दुपारचं जेवण झालं की माझी शिकवणी सुरू. सरळ वर दाबलं तर बसत नाही. पुढची कड आधी अडकवायची, मग मागची बाजू ओढून घ्यायची, खट् वाजेपर्यंत. चुकलं की हातावर चापट. ओला साबण कुठे ठेवतात ते शोधत मी घरभर हिंडते. आधी हसू यायचं, भाऊजी. आता हसायचाही कंटाळा येतो.

खरा त्रास पुढेच आहे. ते सांगतात, शेवटची गोळी उडाली तरी हिचा आतला सरकता बोल्ट उघडा थांबत नाही, बाहेरून काही कळत नाही. मॅगझीन काढलं तरी आत एक गोळी राहिलेली असू शकते. बोल्टची मूठ मागे ओढून आत डोकावल्याशिवाय रिकामी म्हणायचं नाही. मग ते डोकावतात. काठीत काय दिसणार? "भरेल शे का रिकामी?" दिवसभर तेवढंच. ताटातलं अन्न निवून जातं.

तुमच्या पायात गोळी गेली त्या दिवशी त्यांनी मॅगझीन काढलं होतं, पण आत डोकावले नव्हते. साहेबांपुढे तुम्ही त्यांना सांभाळून घेतलंत आणि पुन्हा एक ओळ लिहिली नाहीत. माझा राग नाही. पण डॉक्टर म्हणतात, हा विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. सगळं पुसत चाललंय, तो दिवस तेवढा जात नाही.

परवा मीच तुमच्या हत्यार-तपासणीच्या हुकमासारखं "जाँच शस्त्र" म्हणून ओरडून पाहिलं. तर हातातल्या काठीकडे बोट करून म्हणाले, "बाई, बाजूले व्हा. आठे रायफल शे."

दिवाळीपासून मला बाईच म्हणतात. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. पण ताटावर बसले की न चुकता विचारतात, "आनंदा जेवना का?" मी हो, जेवला म्हटल्यावरच घास घेतात. रोज खोटं बोलून मी थकले.

एकदा या. तुमच्या दोन्ही पायांवर त्यांच्यासमोर उभे राहा, काठीत डोकावा आणि रिकामी आहे म्हणून सांगा. तुमच्यावर त्यांचा विश्वास बसेल. ते शांत झाले की माझ्याकडे बोट दाखवून विचारा, ही कोण? तुमच्याशी ते खोटं बोलणार नाहीत. जे सांगतील ते मी ऐकून घेईन.

अजून तरी तुमची वहिनी,
सुषमा