आत्याच्या गॅलरीतलं ऊन

॥ श्री ॥

रत्नागिरी,
१४ जानेवारी २००१

तीर्थस्वरूप सौ. लीलाआत्यास मनस्विनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून आपलं हे पत्र बरं. शेजारचा महिपत कामासाठी पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर डबा पाठवला आहे. त्यात कुळथाचं पीठ, कोकम, फणसपोळी आणि आईने केलेला तिळगूळ आहे. गोड बोलायची अट मात्र यंदा मला लागू नाही, कारण कॉलेजात पहिल्या वर्षाचे तीन वर्ग मला एकटीला सांभाळायचे आहेत.

डब्यात कागदात गुंडाळलेल्या लहान बाटल्याही आहेत. त्या खायच्या नाहीत! ते माझं तीन वर्षांचं काम आहे. मी बनवलेला पदार्थ तेलासारख्या द्रवात घालून गरम केला आणि निवू दिला, की त्याचे रेणू आपणहून एकमेकांना धरून रांगा लावतात. त्यांचे केसाहून हजारपट बारीक धागे होतात आणि सगळ्याची जेली बनते. बाटली उलटी केली तरी पडत नाही. निळ्या दिव्याखाली धरली की ती हिरवी उजळते. आमच्याकडे तसला दिवा नव्हता. शेवटी मिरकरवाड्याच्या मासळी कारखान्यातल्या बाबल्याने माशा मारायच्या यंत्रातली जुनी नळी दिली. कॉलेजच्या जांभ्याच्या कोठारात, जिथे खिडकीसुद्धा नाही, मी ती लावली आहे.

पुढच्या तपासण्यांची यंत्रं पुण्यात माझ्या मार्गदर्शक सरांकडेच आहेत. तुझ्या मुकुलला ऑफिसला जाताजाता बाटल्या तिथे द्यायला सांग. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपते आहे, म्हणून घाई.

मुकुलला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मनस्विनी

---

पुणे,
२७ जानेवारी २००१

चि. मनस्विनीस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

डबा पोचला. महिपत चहाला थांबला नाही, नुसता दारातून हसून गेला. फणसपोळी जरा सर्दावली होती, पण काळजी करू नकोस. माझा नियम तुला ठाऊकच आहे, कोकणातून आलेली वस्तू आधी गॅलरीत आणि मग घरात. एका वर्षी सगळ्या आंबापोळीला बुरशी आली आणि व्याह्यांसमोर माझी शोभा झाली, तेव्हापासून मी कसली हयगय करत नाही. या वेळीही दोन दिवस सगळं छान पसरून ठेवलं होतं.

तुझ्या बाटल्या मुकुलने मंगळवारी सरांच्या हातात दिल्या. तो सांगत होता की तिथली मुलं पांढरे कोट घालून कॅन्टीनमध्ये भजी खातात. तू तसं करू नकोस. जेवणाच्या वेळा सांभाळ, गेल्या दिवाळीत तुझी हाडं मोजता येत होती.

यश येईलच. सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद, आणि आत्याला विसरू नये.

लीलाआत्या

---

रत्नागिरी,
११ फेब्रुवारी २००१

तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न. वि. वि.

सरांचं पत्र आलं. बाटल्यांत पाणी होतं म्हणे! जेली नाही, धागे नाहीत, उजेडही जेमतेम. माणसाला जे दिसावंसं वाटतं तेच कधीकधी दिसतं, असं त्यांनी फार सभ्य शब्दांत लिहिलं आहे. सरळ खोटारडी म्हणाले असते तर कमी लागलं असतं. मार्चअखेर पुण्यात जेली दिसली नाही, तर विषय बदला आणि पहिल्यापासून सुरुवात करा, असा निरोप आहे. आत्या, माझी तीन वर्षं जातील.

पत्र वाचून मी कोठारात गेले आणि पहिल्या खेपेच्या उरलेल्या बाटल्या एकेक करून उलट्या केल्या. सगळ्या घट्ट. बाबल्याच्या नळीखाली सगळ्या उजळल्या. जास्त वेळ धरल्या की जरा फिक्या पडतात, पण नळी जुनी आहे आणि माझे डोळेही थकलेत. रस्त्यात हिंदकळून जेली मोडत असेल असं समजून मी एक बाटली रिक्षात घेऊन भाट्यापर्यंत जाऊन आले. रिक्षावाल्याला मी वेडी वाटले. जेली मोडली नाही.

दुसरी खेप महिपतबरोबर पाठवते आहे. या वेळी काथ्यात बसवून, दुहेरी कागदात गुंडाळल्या आहेत. मी हे सोडणार नाही. आपल्या लोभाचा आधार आहे, तो असू दे.

मनस्विनी

---

पुणे,
२ मार्च २००१

चि. मनस्विनीस अनेक आशीर्वाद.

पोरी, हे पत्र बसून वाच.

तुझ्या दुसऱ्या खेपेचंही पाणीच झालं, हे मुकुलने सांगितलं. मला दोन घास गेले नाहीत. आज पिठी करायला म्हणून कुळथाच्या पिठात वाटी घातली, तर हाताला बाटली लागली. जानेवारीत सामान आवरताना पहिल्या खेपेतली एक पिठात पडून राहिली होती. काढून पुसली आणि तू लिहिलं होतंस म्हणून उलटी केली. आतलं जागचं हललं नाही. पुन्हा केली, झटकली, तरी नाही.

मग मला आठवलं. जानेवारीत या सगळ्याच बाटल्या मी एकेक करून हातात धरून हलवल्या होत्या. आत काय आहे म्हणून पाहिलं होतं, तेव्हा सगळ्या चक्क खळखळत होत्या. कुठे पाहिलं? गॅलरीत. डब्यातलं सगळं मी दोन दिवस उन्हात ठेवलं ना, त्यात तुझ्या बाटल्याही होत्या. कागद सर्दावले होते ते मी सोडून वेगळे वाळवले आणि नंतर पुन्हा नीट गुंडाळले. दुसऱ्या खेपेलाही तेच केलं. मुकुल ऑफिसात असतो, त्याला यातलं काही माहीत नाही.

उन्हात पाणी आणि पिठाच्या अंधारात जेली. मी काही शिकलेली नाही, पण इतकं मला कळतं. तुझी तीन वर्षं मी पापडासारखी उन्हात घातली. तू मला बोल, मी ऐकून घेईन. पण आधी सरांना काय सांगायचं ते लिही. मी स्वतः जाऊन सांगेन, त्यांच्यासमोर उभी राहीन. तुला कुणी खोटं म्हणालेलं मला चालणार नाही.

तुझी अपराधी आत्या

---

रत्नागिरी,
१५ मार्च २००१

तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न. वि. वि.

खरं सांगते, तुझं पत्र वाचलं आणि इतका राग आला की ते चुरगळून टाकलं. आईशी बोलले नाही, जेवले नाही. मग लाज वाटली. ज्या बाटलीकडे मी कधी शंकेने पाहिलंच नाही तिच्याकडे तू पाहिलंस.

दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या कॉलेजच्या गच्चीवर ठेवल्या. बारापर्यंत दोन्हींचं पाणी! कपाटात ठेवल्या, तर चौथ्या दिवशी आतलं दाटायला लागलं आणि आठव्या दिवशी, म्हणजे काल, बाटली उलटी केली तरी पडेना. आत्या, या रेणूच्या मधोमध एक जोड आहे. उजेड पडला की तो रेणू तिथे वाकतो, रांग मोडते आणि चमक जाते. अंधारात तो हळूहळू सरळ होतो आणि पुन्हा रांगेत येऊन उभा राहतो. नळीखाली जेली फिकी पडायची ती याचमुळे. माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी नळीला जुनी म्हणत बसले. तू बाटल्या दोन दिवस उन्हात ठेवल्या आणि मी त्या आयुष्यभर अंधारात ठेवल्या, तर जास्त चूक माझीच.

पण सर म्हणतील की उन्हाच्या उष्णतेने जेली वितळली, त्यात नवल काय. ती साठ अंशांखाली वितळत नाही हे मला माहीत आहे, पण त्यांना दाखवायला हवं. महिपत १९ तारखेला येतो आहे. बारा बाटल्या पाठवते. सर येईपर्यंत डबा उघडायचा नाही! मग सहा बाटल्या उघड्या आणि सहा जाड काळ्या कापडात गुंडाळून, एकाच उन्हात शेजारी शेजारी ठेव. सरांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, त्यांनी रविवारी यावं म्हणून. हा प्रयोग तूच करायचास, कारण तुझ्या गॅलरीत काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुझ्या मायेवर भिस्त ठेवून,
मनस्विनी

---

पुणे,
२५ मार्च २००१, रविवार

चि. मनस्विनीस खूप खूप आशीर्वाद.

सर आत्ताच गेले आणि मी घाईने लिहायला बसले, अक्षराकडे पाहू नकोस.

सर दहाला आले. माणूस उंच आणि मोजकं बोलणारा. आल्याआल्या मी जे केलं ते सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले की घरचे लोक नमुने बिघडवतात हे त्यांनी पाहिलं आहे, पण कबूल करताना कुणाला पाहिलं नाही. डबा त्यांनी स्वतःच्या हातांनी उघडला. बाराच्या बारा बाटल्या त्यांनी उलट्या केल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या भुवया वर गेल्या. तुझ्या काकांच्या जुन्या छत्रीचं कापड मी कालच कापून ठेवलं होतं. सहा गुंडाळल्या, सहा उघड्या ठेवल्या. सर गॅलरीत खुर्ची टाकून बसले. मी दडपे पोहे दिले, ते त्यांनी दोनदा घेतले.

दीड वाजता सरांनी आधी काळ्या कापडातली एक सोडली. इतकी तापली होती की त्यांनी ती रुमालात धरली. उलटी केली. हलली नाही. मग उघडी उचलली. ती कमी गरम होती आणि आत नुसतं पाणी. बाराही पाहिल्या. सहा घट्ट, सहा पाणी.

सरांनी खिशातून लहान निळा दिवा काढला, पण गॅलरीत उजेड भरपूर. म्हणून मग सर, मुकुल आणि मी असे तिघे न्हाणीघरात शिरलो आणि दार लावून घेतलं. अगं मनू, किती हिरवी दिसली ती! मला रडू आलं. सर अंधारात म्हणाले की तुमच्या भाचीला मी जे लिहिलं होतं ते मी परत घेतो. मुदतवाढीच्या कागदावर त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून सही केली. पोहे छान झाले होते असं जाताना म्हणाले, पण ते मला नीट ऐकू आलं नाही, मुकुलने सांगितलं.

आता तरी चार घास नीट खा. सुखी राहा, पत्र धाड.

लीलाआत्या

---

रत्नागिरी,
३ डिसेंबर २००२

तीर्थस्वरूप आत्यास शि. सा. न. वि. वि.

प्रबंध टाइप होऊन आला. पाचव्या प्रकरणात तुझ्या बारा बाटल्यांचा तक्ता आहे. त्याखाली मी लिहिलं होतं, प्रयोगाचं ठिकाण: सौ. लीला जोगळेकर यांची गॅलरी, पुणे. प्रयोग करणार: त्याच. सरांनी ती ओळ खोडली आणि असं लिहायची पद्धत नाही असं समासात लिहिलं. मी पुन्हा लिहिली. त्यांनी पुन्हा खोडली. तिसऱ्यांदा मी त्याखाली तारीख आणि वेळही घातली, दहा ते दीड, आणि साक्षीदार म्हणून सरांचं नाव टाकलं. या वेळी त्यांनी पान तसंच परत पाठवलं.

त्या पानाची एक प्रत महिपतबरोबर तुला पाठवते आहे. कोकणातून येते आहे, तेव्हा तिला आधी खुशाल ऊन दाखव.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
मनस्विनी