पॅनेलखाली चादरी

ती. अक्कास,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचं बीपी आणि तुमची नवी म्हैस अशी तिघंही ठीक असतील असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे भाजून निघालोय, बाकी सोलापूर जागेवर आहे. फोनच केला असता, पण माझ्या आणि दिपालीच्या घरात एकच भिंत आहे आणि विषय दिपालीचाच आहे.

तर अत्ती (सासूबाई माझ्या, पण त्यांच्या शेजारी बसून जेवल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही, हे तुला माहीत आहे) गेल्या महिन्यात पिशवी भरून धाकट्या दिराकडे, म्हणजे जाऊबाई दिपालीकडे, राहायला गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. "तुज्या हितं लई उकडतंय गं. दिपालीचा एसी दिवसभर चालतोय की, उन्हावर," एवढंच म्हणाल्या. आता दोन्ही घरांवर सोलर पॅनेल एकाच माणसाने, एकाच आठवड्यात बसवली. सूर्यही एकच. तरी तिची वीज जास्त, माझी कमी. ती रोज संध्याकाळी मोबाइलवरचा विजेचा आकडा घरच्या ग्रुपवर टाकते आणि खाली जोडलेले हात. मी वर केलेला अंगठा पाठवते. (तो पाठवताना मला काय होतं ते मोबाइलला कळत नाही म्हणून बरं.)

मग मी डोकं चालवलं. आपल्या बाबांनी गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवला होता, आठवतंय? आई टाकीला गोधडी गुंडाळायची आणि पाणी सकाळपर्यंत कढत राहायचं. वीजही उन्हाचीच, तेव्हा ऊब जपली तर ती वाढणारच! आमचे हे शिकवणीला गेल्यावर (बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतात, घरी मात्र तोंड उघडत नाहीत) मी कपाटातल्या झाडून सगळ्या सोलापुरी चादरी, लग्नातल्या, आहेरातल्या, तू दिलेली मोराचीसुद्धा, पॅनेल आणि गच्चीच्या मधल्या फटीत कोंबल्या. आकडा खाली आला. मला वाटलं, ऊब कमी पडतेय. दुसऱ्या दिवशी सतरंजी कोंबली. आकडा आणखी खाली.

शेवटी हे वर आले. फटीतून चादरीचं एक टोक ओढून बघितलं. मग म्हणाले, "महेश्वरी, पॅनेलला थंडी वाजत होती का?" पाण्याच्या सोलरला उष्णता लागते, पॅनेलला लागतो तो उजेड. ते जितकं तापेल तितकी वीज कमी, म्हणून तर खालून वारा खेळावा यासाठी ती फट ठेवलेली असते. दिपालीने गच्चीला पांढराशुभ्र चुना दिलाय, ऊन आल्यावाटे परत जातं, त्यामुळे पॅनेलही कमी तापतं आणि खालची खोलीही. आमचा काळपट स्लॅब दिवसभर ऊन गिळतो आणि संध्याकाळपासून ते आमच्या डोक्यावर सोडत बसतो. "तापलेली प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकतेच," हे म्हणाले, "डोळ्यांना दिसत नाही, पण शेजारच्याला लागते." अक्का, मला वाटलं, हे स्लॅबबद्दल बोलत नाहीत. (स्लॅबबद्दलच बोलत होते. मी विचारून घेतलं.)

चादरी काढल्या. धुळीने तुझ्या मोराचं कबूतर झालंय, राग मानू नकोस. चादरी झटकताना दिपालीने पलीकडून पाहिलं, आणि एक शब्द न विचारता म्हणाली, "ताई, चुना उरलाय की आमच्यात. मी देते लावून." इतकं गोड म्हणाली की मला जास्तच राग आला. मी म्हटलं, बघू.

खरं सांगू का, विजेचं मला काही नाही. भाकरी थापताना समोर बसून "अजून कडक होऊ दे" म्हणणारं कुणी नाही, म्हणून रोज एखादी करपते. भिंतीपलीकडून अत्तींचं हसणं ऐकू येतं. दिपाली एवढं काय सांगत असेल? माझ्या कुठल्या बोलण्यावर त्या अशा हसल्या होत्या, ते मी आठवत बसते. एकदा हसल्या होत्या, नक्की. बहुतेक मी पडले होते तेव्हा.

दाजींना नमस्कार, पोरांना माझे पापे.

तुझी,
महेश्वरी

ता. क. खरं काम राहिलंच. अत्ती तुझं ऐकतात. त्यांना फोन करून सांग की महेश्वरी खंगत चालली, जेवण जात नाही तिला. (जातंय. पण ते सांगू नकोस.)

आणखी ता. क. फोन करू नकोस! पाकीट चिकटवायच्या आत दिपाली चुन्याची बादली घेऊन थेट माझ्या गच्चीवर हजर. मला विचारलंच नाही. मग मीही कुंचला घेतला. दोन दिवसांत खोली निवली आणि आज अत्ती पिशवीसकट आल्या, दोन घास जास्त जेवल्या, आणि आता माझ्या पलंगावर घोरताहेत. एवढ्यात दिपाली दारात. "ताई, अत्ती कदी येणार ओ? आमरस केलाय मी त्यांच्यासाठी." तिचा चेहरा मी लगेच ओळखला, महिनाभर आरशात तोच बघतेय. तिला आत घेतलं, पाणी दिलं, म्हटलं, उठल्या की पाठवते.

(पाठवणार नाही. आमरस मात्र इकडेच घेऊन ये म्हटलंय, तिच्या ताटासकट.)