गणपतीच्या टेबलावरची गुरामी

२४ ऑगस्ट, रविवार
अखेर! गुरामी माशाच्या नराने घरटं बांधलं. पाण्यावर फेसाचं, एकेक बुडबुडा तोंडाने सोडून. बोटाएवढा जीव, पण ऐट बघा. फिल्टर बंद ठेवलाय, पाणी हललं की फेस मोडतो.
आप्पांचं, म्हणजे सासरेबुवांचं, फर्मान: बुधवारी गणपती येतात, टाकी गॅलरीत न्या. हॉलमधलं टेबल गणपतीचं. दरवर्षी निमूट नेतेच की. यंदा नाही.

२५ ऑगस्ट
महेशला म्हटलं, बोल वडिलांशी. "तुझं बरोबर आहे. आप्पांचंही बरोबर आहे." नवरा आहे का तराजू?

२६ ऑगस्ट, मंगळवार
अंडी! खसखशीएवढी, फेसात अडकलेली. नर मादीला हाणतोय, तिला बादलीत काढलं.
संध्याकाळी बापलेक टाकी उचलायला आले. टेबलाला पाठ लावून उभी राहिले.
"माझ्या हयातीत गणपतीची जागा हललेली नाही."
"मग यंदा हलेल."
बोलून गेले. टाकी जागची हलली नाही.

२७ ऑगस्ट
टीव्ही बेडरूममध्ये, गणपती टीव्हीच्या कपाटावर. छान दिसतात की! आरतीभर आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

२८ ऑगस्ट
पिल्लं निघाली. फेसाखाली नुसत्या शेपट्या. एखादं खाली पडलं की नर तोंडात धरून परत वर सोडतो. महेशला मुद्दाम बोलावून दाखवला, हा बघ बाप.

३० ऑगस्ट, शनिवार
पिल्लं पोहायला लागली. नराला काढलं, नाहीतर आता तोच गिळायचा. त्यांना खायला उकडलेल्या अंड्याचा बलक, फडक्यातून गाळून. आणि घरात गणपती! दहा दिवस अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत इथे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मूर्ख मी.
शेजारच्या मार्थाबाईंनी त्यांच्याकडे उकडून दिलं. डबी ओढणीखाली धरून आले, तर दारातच सासूबाई.
"डबीत काय हाय?"
थाप तयार होती. नाही मारली.
"अंडं."
"अगं, गणपती बसल्यात घरात!"
"मग पिल्लं उपाशी आहेत तेही दिसत असेल त्यांना."
टाकलाच बलक.

३१ ऑगस्ट, रविवार
आप्पा माझ्या हातचं जेवले नाहीत. नका जेवू.
दुपारी सासूबाई टाकीपाशी. "कुटं हायत? मला तर काय दिसंना." मोबाईलचा टॉर्च मारून दाखवली.
"एवढुशी? यांच्यापायी भांडलीस व्हय?"
"व्हय," म्हटलं.
त्या बराच वेळ बघत राहिल्या. तळाशी मेलेलीही पुष्कळ आहेत. किती जगतील, कोण जाणे.
आप्पांनी आतून बजावलं, उद्या अंडं उंबऱ्याच्या आत आलं तर या घरात एक तर ती, नाहीतर मी. महेश पेपर वाचत होता. कालचा.
मार्थाबाईंना सांगून आलेय, सकाळी एक उकडून ठेवा. डबी हातात धरून आणणार. ओढणीखाली नाही.