बाबांची आणि फिलिपिनो चित्रपटांची पुढची व्यवस्था

मी, मैथिली त्र्यंबक उपासनी, वय शेहेचाळीस, व्यवसाय महाविद्यालयात भूगोलाचे अध्यापन, राहणार मानपाडा रस्ता, डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझा कर्करोग यकृतापर्यंत पोचला आहे. उपचार थांबवण्याचा निर्णय माझा आहे, त्याबद्दल डॉक्टरांना कोणी बोलू नये. आज सकाळची वेदनाशामक गोळी मी मुद्दाम घेतलेली नाही, म्हणजे गुंगीत लिहिलं असं पुढे कोणाला म्हणता येणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वडील माझ्याआधी जातील असं मी धरून चालले होते.

१. माझे वडील त्र्यंबक उपासनी माझ्यावर अवलंबून आहेत. कल्याणला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पक्षाघातात त्यांचा उजवा हात गेला आणि भाषा गेली. नुसतं बोलणं नव्हे. दुसऱ्याचं बोलणं कळणंही गेलं. मराठी कानावर पडते, ती आपली आहे हे त्यांना समजतं, पण अर्थ लागत नाही. याचा त्यांना किती त्रास होतो हे डॉक्टरांच्या कागदात नाही, म्हणून इथे लिहिते.

२. राहती सदनिका माझ्या स्वकमाईची आहे व तिच्यावर कोणताही बोजा नाही. ती मी माझा धाकटा भाऊ अपूर्व यास देते. मात्र बाबा हयात असेपर्यंत ते तिथेच राहतील आणि तोवर ती विकता वा भाड्याने देता येणार नाही. अपूर्वने टिटवाळ्याला एक वृद्धाश्रम पाहून ठेवला आहे. मीही जाऊन आले. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत. हॉलमध्ये दिवसभर मराठी मालिका चालू असतात. बाबा तिथे महिनाभरात संपतील.

३. बँकेतली सर्व शिल्लक बाबांच्या औषधपाण्यासाठी व मालनताईंच्या पगारासाठी आहे. मालनताई शहाडहून येतात आणि दिवसभर बाबांचं सगळं करतात. माझ्यानंतर रात्रीही राहायला त्या तयार आहेत. बाबांनंतर जे उरेल ते त्यांचं. शिलाई मशीन आणि माझ्या सुती साड्या त्यांनी आधीच न्याव्यात.

४. प्रोजेक्टर, फिलिपिनो चित्रपटांची हार्ड डिस्क आणि बाबांच्या खुर्चीसमोरची पांढरी भिंत, हे बाबांना. भिंत वेगळी देता येत नाही असं वकील म्हणाले. तरी तिच्यावर काही टांगू नये, हे लिहून ठेवते.

ही डिस्क अपूर्वनेच आणली, हे मी विसरलेले नाही. तो जहाजावर इंजिनियर. त्याच्या रामोन नावाच्या फिलिपिनो सहकाऱ्याने ती भरून दिली होती. "ताई, तुला फोटोबिटोचं वेड आहे ना, घे. यांच्याकडे पिक्चर कसले शूट करतात बघ," असं म्हणून अपूर्वने ती चिवड्याच्या डब्याबरोबर ठेवली. पत्र्यावर पडणारा पाऊस, दमट भिंतींचा हिरवा रंग, वीज गेलेल्या घरात एका मेणबत्तीवर उभा राहिलेला अख्खा प्रसंग. कॅमेरा हलतच नाही आणि आपण उजेडाची वाट बघत बसतो. पहिल्या दिवशी बाबा जेवण विसरले. खालची भाषांतराची अक्षरं दिसली की ते वाचायला ओठ हलवत आणि रडत, म्हणून मी अक्षरं बंद केली. आवाज ठेवला. ती भाषा आम्हा दोघांनाही येत नाही. त्या दोन तासांत आम्ही बरोबरीचे असतो.

मालनताई मात्र स्वतःचे संवाद घालतात. "ही नवऱ्याला म्हणते, गेलास तर गेलास, जाताना छत्री ठेवून जा." किंवा, "आबा, किती हो हा पाऊस! यांचे कपडे वाळतात तरी कधी?" बाबा त्यांच्या सुराला हसतात. हे चालू राहावं.

एका चित्रपटात एक बाई अंधाऱ्या खोलीत येते आणि छतावर उजेड हलत असतो. बाबांनी डाव्या हाताचं बोट उचललं आणि जमिनीकडे रोखलं. मला वाटलं चमचा पडला. मी खुर्चीखाली वाकून शोधत होते, तेव्हा भिंतीवर कॅमेरा खाली आला. घर पाण्यात खांबांवर उभं होतं. उजेड पाण्यावरून वर आलेला होता. स्टुडिओत मला शिकवताना बाबा म्हणत, "चेहरा नंतर बघ. आधी सांग, उजेड कुठून येतोय?" तेव्हापासून ते प्रत्येक प्रसंगात बोटाने सांगतात. त्यांच्याकडे उरलेलं बोलणं एवढंच आहे.

५. अपूर्व, हे कलम तुझ्यासाठी. मागच्या रजेत तू प्रोजेक्टर छताला बसवून दिलास, माझी वाकण्याची दगदग वाचावी म्हणून. मग सुरुवातीची नावं गाळून बाबांचा आवडता स्वयंपाकघराचा प्रसंग लावलास. खिडकी डावीकडे होती. बाबांनी बोट उजवीकडे केलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा उजवीकडेच, आणि मग ते खुर्चीचा हात बडवू लागले.

तू म्हणालास, "बघ ना, उजेड डावीकडून येतोय. त्यांना काही कळत नाही गं, ताई. तू स्वतःला फसवतेयस."

मी म्हटलं, "आज थकलेत."

"थकलेत नाही, संपलंय ते. तू दमशील अशाने."

तू चिडून नाही, माझ्या काळजीने बोललास, म्हणून मला ते पटलं. मी चित्रपट बंद केले. बाबा रोज दुपारी कोऱ्या भिंतीकडे बघत बसत आणि मी ते चालू दिलं. तू जहाजावर गेल्यानंतर एकदा उलट्या थांबेनात, म्हणून मी माझ्यापुरता एक चित्रपट लावला. त्यात दुकानाची पाटी आली. तिच्यावरची अक्षरं उलटी होती. छताला बसवताना तुझ्याकडून चित्र आरशासारखं उलटं लागलं होतं. खालची अक्षरं बंद, त्यामुळे आपल्या दोघांनाही कळलं नाही. कळलं ते फक्त बाबांना. खिडकी उजवीकडे असते हे त्यांना आठवत होतं, आणि ते तेच सांगत होते.

मी चित्र सरळ करून स्वयंपाकघर लावलं. बोट उजवीकडे गेलं आणि शांतपणे खाली आलं. तुला फोनवर सांगितलं तेव्हा जहाजावरच्या खरखरीत तू फक्त "बरं" म्हणालास. ते "बरं" मला पुरलेलं नाही.

तरीही हे मी अनेकदा तपासलं आहे. मुलगी मरणार म्हणून बापाच्या बोटात अर्थ शोधते आहे का? शक्य आहे. पण पाटी उलटी होती, हे माझ्या मनाचं नाही.

६. अपूर्वची पत्नी ऋजुता हिच्याबद्दल माझ्या मनात राग होता. दिवाळीत तिने त्यांच्या ठाण्याच्या घरी बाबांना आवडायची म्हणून जुनी नाट्यपदं लावली. बाबांनी फराळाचं ताट भिरकावलं. "इतक्या प्रेमाने लावलं तर..." असं ती म्हणाली आणि मी तिला नको ते बोलले. तिचं प्रेम खरं होतं. आईच्या मोत्याच्या कुड्या तिला द्याव्यात. पदं मात्र पुन्हा लावू नयेत.

७. माझ्या रोजनिशा न वाचता जाळाव्यात. त्यांत मी लोकांशी न्यायाने वागलेले नाही, आणि आता दुरुस्त करायला वेळ नाही.

८. माझी सहकारी चित्रा गोखले हिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. बाबांना रोज दुपारी चित्रपट दाखवावा ही अट घालायची होती. वकील म्हणाले, "मॅडम, कोर्टात हे टिकणार नाही." म्हणून ती अट नाही, विनंती आहे. चित्राने मात्र न कळवता येऊन बघावं.

९. माझा देह विद्युतदाहिनीत द्यावा. दिवस-वार करू नयेत. एक गोष्ट तेवढी करावी. माणूस गेल्यावर त्याच्या जागी दिवा लावतात, तो लावावा. आईचा दिवा बाबांनीच लावला होता. त्याचा अर्थ त्यांना शब्दांवाचून माहीत आहे.

मी गेल्याचं त्यांना कोणी सांगू नये. कानाशी मोठ्याने तर नाहीच. बाबांच्या शेजारची माझी खुर्ची उचलावी आणि तिच्या जागी जमिनीवर दिवा ठेवावा. पडदे ओढावेत, बाकीचे दिवे बंद करावेत आणि बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवावं. उजेड कुठून येतोय ते ते बघतील. बोट उचलतील.

अपूर्व, त्या वेळी तू जमिनीवर त्यांच्याजवळ बस. त्यांचं बोट खाली येईपर्यंत उठू नकोस.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला तो मान्य आहे. साक्षीदारांसमक्ष सही करत आहे. बाबा समोर बसले आहेत. खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे.

(सही) मैथिली त्र्यंबक उपासनी

साक्षीदार :
१. (सही) डॉ. श्रिया प्रधान, डोंबिवली पूर्व. लिहून देणार पूर्ण शुद्धीत असल्याची मी खात्री केली आहे.
२. (सही) उत्तम रामा भोईर, शेजारी

ठिकाण : डोंबिवली
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४