शेवाळ दूध पचवते, याविषयी

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेसी,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांच्या दुखण्यामुळे प्रत्यक्षात सहाच अंगे टेकली आहेत, उरलेली दोन मान्य करून घ्यावीत). ताईच्या मागील पत्रात आपला रक्तदाब एकशे अडतीस होता. तो खाली आला असावा अशी आशा आहे. नसल्यास हे पत्र दोन बैठकांत वाचावे आणि ताजा कलम दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवावा.

आपली कन्या खुशाल आहे. तिच्या शब्दाखातर गेल्या वर्षी मला तिच्या प्रयोगशाळेत कार्यालय अधीक्षकाची जागा मिळाली, हे मी विसरलेलो नाही, आणि त्या उपकाराची फेड म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तेथील फ्रिज आतून आवरून घेतला. (शास्त्रज्ञ माणसे बुद्धिमान असतात, पण नमुन्यांच्या नळ्या मात्र मोजे कोंबावेत तशा कोंबतात.) मी सर्व नळ्या क्रमांकवार उभ्या केल्या. एकीचे टोपण सैल दिसले, तेही काढून, कड स्वतःच्या रुमालाने स्वच्छ पुसून, घट्ट बसवले. माझ्या कामाची पद्धत आपण जाणताच.

येथे सहा वर्षे एका शेवाळाचा अभ्यास चालू आहे. प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो आणि तो ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो, असे मला सांगण्यात आले. (मला रजेचा अर्ज लिहायलासुद्धा याहून अधिक अक्षरे लागतात.) तर या शेवाळाच्या मजकुरात दूध पचवणारे एक जनुक सापडले. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या आनंदाने जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागल्या. शेवाळाने दूध पाहिले कुठे, अशी शंका आपल्या कन्येने काढली. बाई म्हणाल्या, "शंका नंतर, आधी शुक्रवार." शुक्रवारी हा शोध लेखरूपाने एका मासिकाकडे जायचा होता, आणि लेखावर पहिले नाव कन्येचे होते.

दालनाच्या भिंतीवर लावण्यासाठी त्या मजकुराचे काही उतारे चाळीस पानांवर छापले होते. "मामा, पानं क्रमाने आहेत का, तेवढं बघा," असे सांगून कन्या निघून गेली. आता न वाचता सही करणे मला आयुष्यात जमलेले नाही. मी वाचू लागलो. सहाव्या पानावर टीए टीए टीए असे एकोणपन्नास वेळा आले होते. छापणाऱ्याचे बोट अडकले असणार, असे समजून मी अठ्ठेचाळीस वेळचे लाल शाईने काटले. कन्येने पाहिले आणि ती खुर्चीतच बसली. "मामा, ते तसंच असतं हो. निसर्ग तसाच लिहितो." मी म्हणालो, मग निसर्गाला कोणी वरिष्ठ नाही काय?

मात्र त्या दिवसापासून मला नाद लागला. मी पाने घरी नेली आणि अक्षरे मोजू लागलो. भाऊजी, काय सांगू. एका पानावर ए आठशे तीन, तर टी सातशे अठ्ठ्याण्णव. जी चारशे एक, तर सी तीनशे अठ्ठ्याण्णव. पान उलटले, पुन्हा जवळपास तेच. कोणी सांगितले नाही, कोणी तपासत नाही, तरी जोडीला जोड. शंभर अक्षरांत जी आणि सी मिळून तेहेतीसच्या आसपास. शिवाय सीच्या लगेच पुढे जी सहसा बसत नाही. रुसलेले व्याही जसे एक खुर्ची सोडून बसतात, अगदी तसे. सौ.ने प्रथम कपाळाला हात लावला आणि नंतर स्वतःच बटणांचा डबा काढून दिला: पांढरी एसाठी, काळी टीसाठी, लाल जीसाठी, निळी सीसाठी. दोन दिवस आम्ही जेवण ओट्यापाशी उभ्याने केले, कारण टेबलावर शेवाळ होते.

बुधवारी सकाळी एकतिसावे पान मोजले आणि बटणे संपली. लाल व निळी. जी आणि सी मिळून शंभरात पन्नास, आणि रुसलेले व्याही मांडीला मांडी लावून बसलेले. मी तीनदा मोजले. मग कन्येला सांगितले की, हे पान या घरातले नाही. हा हातच वेगळा आहे. एकतिसावे पान म्हणजे नेमके ते दूध पचवणारे जनुक. ती संगणकाकडे धावली. परक्या जिवांची अक्षरे वेगळी काढणारी एक चाळणी संगणकात असते, ती घाईत लावायची राहिली होती. ती लावली, तेव्हा ते पान शेवाळाचे नव्हे, कुठल्याशा जिवाणूचे निघाले. लेखातून दूध वगळले गेले. उरलेले सहा वर्षांचे काम शाबूत राहून शुक्रवारी गेले. जगभर हसे व्हायचे टळले. कन्येने त्या बुधवारीच चारचौघांत माझे दोन्ही हात धरले होते.

त्या कौतुकाच्या भरात मी उभा राहिलो आणि हा जिवाणू आत शिरला कसा, याची चौकशी झालीच पाहिजे, दोषी कोणीही असो, गय नको, अशी मागणी केली. बाईंनी तत्काळ समिती नेमून मला अध्यक्ष केले. अहवाल येत्या शनिवारी द्यायचा आहे.

ताईस नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. तो जिवाणू दह्यातला निघाला. मी दुपारी वाटीभर दही खाल्ल्याशिवाय उठत नाही आणि तोंड रुमालाने पुसतो, हे आपण जाणता. आता या पत्राचा दुसरा परिच्छेद कृपया पुन्हा वाचावा. गुरुवारपासून कन्या समोर आली की मी कपाट उघडून त्यात पाहत बसतो. तिला हे आपणच सांगावे, एवढ्याचसाठी हे पत्र. वडिलांच्या तोंडून ऐकले तर ती रडणार नाही, आणि रडली तरी मला दिसणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवत असताना कन्या घरी आली. तिने एक धुतलेला, इस्त्री केलेला रुमाल टेबलावर ठेवला. "फ्रिजमागे पडला होता, वर्षभर. आईने कोपऱ्यात तुमचं अक्षर भरलंय ना, तोच. मला गुरुवारीच कळलं, मामा. तुम्ही कधी सांगताय, ते बघत होते." मग तिने आत जाऊन स्वतःसाठी दही वाढून घेतले. तेव्हा वरील विनंती रद्द समजावी. पत्र तरीही पाठवतो, कारण तिकीट लावून झाले आहे.

ता. क. ३. मोठ्या बाईंना सांगायचे अद्याप राहिले आहे. त्यांच्या वडिलांशी आपली काही ओळख निघते काय?