टेकडीवरचं पान

पार्सिपनी, २५ फेब्रुवारी

चि. सौ. कांचनला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, तेव्हा आपली ही ईमेलची पत्रंच बरी. बातमी वाईट आहे. कालपासून असा बर्फ पडलाय की अनीशची गाडी दारात आहे की नाही, ते खोदून बघावं लागेल. एअरलाइनने फ्लाइट कॅन्सल केली आणि पुढचं तिकीट दिलं ते सोमवारचं. तुझ्या ताईचं वर्षश्राद्ध शनिवारी. म्हणजे बॉथेलला येऊन पान ठेवायचा आपला बेत बोंबलला.

अनीश म्हणतो, बाबा, इथेच करू. करू की, पण कावळा कुठून आणू? मागच्या वर्षी दहाव्याला दुपारभर घरामागच्या लाकडी डेकवर बसलो होतो. कावळा काही शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हापासून माझ्या मनाला एकच टोचणी आहे, की अहिल्येचं काय राहून गेलं? चाळीस वर्षं संसार केला आणि मला ते सांगता येत नाही. या वेळी तरी तिने घास घ्यावा, बाकी काही मागणं नाही.

दिगंबररावांना नमस्कार. लोभ आहेच, तो या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा दाजी,
प्रल्हाद

बॉथेल, २६ फेब्रुवारी

ती. स्व. दाजींना कांचनचा सा. न. वि. वि.

तुमच्यासाठी आणलेली बिनसाखरेची बिस्किटं दिगंबर खात बसलाय आणि वर नावं ठेवतोय. मला मात्र तुमचं पत्र वाचून रडू आलं. इथे रोज संध्याकाळी कॉलेजमागच्या झाडांवर हजारो कावळे मुक्कामाला येतात, आभाळ काळं होतं. तुमच्याकडे एक मिळेना आणि आमच्याकडे ही जत्रा.

तुम्ही हो म्हणालात तर ताईच्या नावाने मी इथे पान ठेवते. पण तुम्ही नाहीच म्हणणार. घरचा कर्ता मी, हा तुमचा हेका. ताई म्हणायची, ह्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा निदान एवढं ऐका. कावळे झाडीत असतात, डेकवर बसून हाका मारल्या म्हणून येत नाहीत. अनीशला सांगा आणि पान घेऊन टेकडीवर जा. वारा फार असेल, कानटोपी घाला. स्टाइल नंतर.

तुमच्या नातीला, केयाला पापा. रागावू नका, लोभ वाढता ठेवा.

तुमची,
कांचन

पार्सिपनी, १ मार्च

चि. सौ. कांचनला अनेक आशीर्वाद.

पान तू ठेवू नकोस, हे मी तुला लगेच कळवलंच होतं. तुझं दुसरं मात्र ऐकलं.

काल आधी डेकवरच ठेवलं होतं. पहिला वडा खारीने पळवला, दुसरा नेण्याआधी तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मग अनीश म्हणाला, चला. सूनबाईने, नेत्राने सगळा स्वयंपाक डब्यात भरला, आयसेलिनच्या भारतीय दुकानातून आणलेलं केळीचं पान गुंडाळून घेतलं आणि आम्ही चौघं बूनटनच्या पुढच्या टेकडीवर गेलो. बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून चालायचं. ऊन लख्ख, पण वारा असा की झाडांवरचा बर्फ उडून मानेत शिरत होता. कानटोपी घातली होती, काळजी नको.

वाटेत काय काय दिसलं म्हणून सांगू. पाच-सहा हरणं गुडघाभर बर्फात उभी राहून आम्हाला निरखत होती. कोल्हा आडवा गेला, लाल, शेपूट झुबकेदार. लाल टोपीचा सुतारपक्षी टकटक करत होता. केयाने सगळ्यांचे फोटो काढले. कावळा तेवढा नाही.

वर एका सपाट खडकावर पान वाढलं. वाऱ्याने ते खिरीसकट उडवलं आणि माझ्या पोटावर आणून चिकटवलं. ते पुसून पुन्हा वाढलं, कडेने दगड ठेवले. मग रानटी टर्की आल्या, चांगल्या धष्टपुष्ट. केयाने इंग्रजीत विचारलं की टर्की चालेल का, शेवटी तोही पक्षीच. मी चालणार नाही म्हणालो आणि त्यांना हाकललं. समोरच्या ओकवर एक मोठा ससाणा येऊन बसला, त्यालाही चालणार नाही म्हणालो.

मग रीतीप्रमाणे हात जोडून अहिल्येला एकेक वचन द्यायला लागलो. ब्लडप्रेशरची गोळी चुकवणार नाही. तुझं शिलाई मशीन देऊन टाकणार नाही. कांचनकडे जाईन, तिच्याशी भांडणार नाही. अनीश म्हणाला, आई, केयाला मराठी वाचायला शिकवीन. काही उपयोग नाही. दुपार कलली. माझा धीर सुटला, कांचन. तिथे बर्फात उभा राहून रडलो.

डोळे पुसताना नेत्राकडे लक्ष गेलं. पोर पहाटेपासून रांधत होती, कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही म्हणून उपाशीच टेकडी चढली होती. डबा पोटाशी धरून ती झाडाला टेकली होती. अहिल्या असती तर मला काय बोलली असती, ते कानात स्पष्ट ऐकू आलं. मी म्हणालो, डबा उघड. ती म्हणाली, बाबा, आधी कावळा. मी म्हणालो, कावळा गेला खड्ड्यात, तू आधी जेव. आणि पहिला वडा तिच्या हातात दिला.

तिने दोन घास खाल्ले असतील. दरीतून कावकाव आली. सात-आठ कावळे ससाण्यावर तुटून पडले, त्याला पार पळवून लावलं, आणि त्यातला एक शांतपणे खडकावर उतरला. आधी आमच्याकडे बघितलं, सगळे जेवतायत ना म्हणून. मग घास उचलला.

अनीश म्हणतो, कावळे ससाण्यासाठी आले. असतील. उद्या निघतो आहे. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा दाजी,
प्रल्हाद

बॉथेल, १ मार्च

ती. स्व. दाजींना सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात, तरी काल मी पान ठेवलं. बाल्कनीत. संध्याकाळी ते हजारो कावळे डोक्यावरून गेले, एकही खाली उतरला नाही. मला वाटलं, ताई माझ्यावर रुसली. दिगंबरने किती समजावलं, पण काल दुपारपासून मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

आत्ता तुमचं पत्र वाचलं. ती इथे येणार कशी? ती तुमच्याबरोबर टेकडी चढत होती, नेत्रा कधी जेवते ते बघत.

पत्र बाजूला ठेवलं, ताट वाढून घेतलं आणि पोटभर जेवले. आमटीत मीठ कमी होतं, तरी दोनदा भात घेतला. उद्या या. बिस्किटं संपली आहेत, पण माया शिल्लक आहे.

तुमची,
कांचन