झेंडू घातलेली टाकी

बोईसर

ती. बाबांना प्रतीक्षाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण आज डोकं फिरलंय.

आमच्या प्रयोगशाळेत संपत चाललेल्या रानम्हशींचे अकरा गर्भ गोठवून ठेवले होते. टाकी जुनी, तिच्यात रोज द्रव नायट्रोजन ओतावा लागतो. खंडेनवमीला साहेबांनी तिचीही पूजा करवली आणि म्हणाले, पुजलेल्या यंत्राला दोन दिवस हात लावायचा नाही. टाकी कोरडी पडली, अकराही गर्भ गेले. आता म्हणतात, देवाची मर्जी.

बाबा, तुम्ही दसऱ्याला औत पुजून ठेवता, पण गोठ्यातली वैरण कधी चुकवलीत का? हे मी साहेबांना तेव्हाच विचारायला हवं होतं. मी मात्र टाकीला कुंकू लावलं.

आपली चंद्री म्हैस कितव्या महिन्यात आहे? तिला जपा.

तुमची,
प्रतीक्षा